हलक्या विमानांची आघातसुरक्षा

लहान विमान जमिनीवर आदळल्यास आतील वैमानिक व प्रवासी वाचावेत, या हेतूने विमानाचा सांगाडा, आसने आणि पट्टे यांची केलेली रचना म्हणजे आघातसुरक्षा होय. विमान थांबताना त्याची गतिज ऊर्जा जितक्या अधिक अंतरात व वेळात शोषली जाते, तितका शरीरावरील भार कमी होतो, हे तिचे मूलतत्त्व आहे.

== इतिहास ==
या विषयाचे आद्य संशोधक ह्यू डीहेव्हन हे पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशिक्षणार्थी वैमानिक असताना विमानांच्या टकरीतून बचावले होते. उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या व्यक्तींचा अभ्यास त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला. मृत्यूचे कारण केवळ वेग नसून आघाताचे शरीरावरील वितरण हेही असते, असे त्यांनी दाखवून दिले.

== नासाच्या चाचण्या ==
अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात नासाच्या लँगली संशोधन केंद्रात सुमारे ७३ मीटर उंचीची पोलादी चौकट आहे. अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांनी तेथे चांद्रावतरणाचा सराव केला होता. १९७०च्या दशकात ती विमानांच्या आघातचाचण्यांसाठी वापरात आली. १९७२ च्या ॲग्नेस चक्रीवादळात पायपर कंपनीच्या कारखान्यात पुराने खराब झालेली विमाने या कामी आली.

चाचणीत विमान तारांनी उंच टांगून लंबकाप्रमाणे सोडले जाते. जमिनीवर आदळण्याच्या क्षणभर आधी तारा तोडल्या जातात. विमानातील मानवाकृती पुतळ्यांवर पडणारा भार संवेदकांद्वारे नोंदवला जातो.

२०१५ साली तीन सेस्ना १७२ विमानांवर चाचण्या झाल्या. अपघातानंतर शोधपथकाला संकेत पाठवणारी यंत्रे आघातात टिकतात का, हे त्यांत तपासण्यात आले. काँक्रीटवर विमान घसरत पुढे जाऊ शकते. मऊ मातीत मात्र त्याचे नाक रुतून ते एकाएकी थांबते. त्यांपैकी एक विमान असेच उलटले.

== नियम ==
अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या लहान विमानांच्या पुढील आसनांना, तर १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्या विमानांच्या सर्व आसनांना खांद्याचे पट्टे आवश्यक ठरले. १९८८ च्या सुधारणेने आसनांची गतिक चाचणी अनिवार्य केली. तीनुसार पुढील रांगेतील आसनाने समोरील दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या २६ पट इतका कमाल आघात सोसणे अपेक्षित असते. मात्र ही अट नव्या आराखड्यांना लागू झाली. पूर्वी मान्यता मिळालेल्या आराखड्यांची विमाने तिच्याबाहेर राहिली.