एकाच कुळातली दोन औषधे

२१ मार्च २००० रोजी ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. तिथे ते ‘रेझ्युलिन’ या नावाने जेमतेम तीन वर्षे विकले गेले. इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, हे टाइप-२ मधुमेहाचे मूळ दुखणे. त्यावर उपाय करणाऱ्या ग्लिटाझोन कुळातले बाजारात आलेले हे पहिले औषध.

सरकारी परीक्षक डॉ. जॉन ग्वेरिग्विअन यांनी मंजुरीपूर्वीच यकृताबद्दल शंका काढली होती. त्यांना त्या कामातून बाजूला करण्यात आले. ब्रिटनमधली विक्री डिसेंबर १९९७ मध्येच थांबली. अमेरिकेत ती आणखी सव्वादोन वर्षे चालली. तेवढ्यात यकृत निकामी होऊन रुग्ण दगावत राहिले. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या डेव्हिड विलमन यांनी हे प्रकरण धसास लावले. त्यासाठी त्यांना २००१ चे पुलित्झर मिळाले.

या इतिहासाचे पुढचे पान मला अधिक विचारात पाडते. याच कुळातले पायोग्लिटाझोन अमेरिकेत १९९९ मध्ये आले. त्याच्या मोठ्या भावाने यकृताचा घात केला आणि हे धाकटे चक्क यकृताच्याच कामी आले. दारू न पिणाऱ्यांचे यकृतही चरबीने सुजते, या आजाराला १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी २० रुग्णांच्या अभ्यासातून नाव दिले होते. पायोग्लिटाझोनमुळे चरबी यकृताऐवजी त्वचेखालच्या मेदात साठू लागते. २००६ आणि २०१० च्या चाचण्यांत यकृतातली चरबी आणि दाह उतरल्याचे दिसले.

पण किंमत दुसरीकडे मोजावी लागली. या औषधाने मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात. पाय सुजतात, वजन वाढते, दुबळ्या हृदयावर ताण येतो. त्यात मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयाची भर पडली. भारत सरकारने जून २०१३ मध्ये विक्री थांबवली. ‘गरिबाला परवडणारी गोळी काढून घेऊ नका’ असे डॉक्टरांचे म्हणणे पडले आणि दीड महिन्याच्या आत, पाकिटावर इशारा छापण्याच्या अटीवर, बंदी उठली.

पहिल्या वेळी शंका घेणाऱ्यालाच दूर केले, दुसऱ्या वेळी शंका निदान पाकिटावर छापली. मधल्या तेरा वर्षांत एवढी मजल मारली गेली. मात्र तो बारीक टाइपातला इशारा वाचून रुग्णाला समजावून सांगायला कोणी आहे का, हा प्रश्न अजून शिल्लकच आहे.