भातवडीचा चिखल

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरच्या निजामशाही फौजेने मोगल आणि आदिलशाहीच्या कितीतरी मोठ्या संयुक्त फौजेचा पराभव केला. श्रेय सहसा गनिमी काव्याला मिळते. मला ते अपुरे वाटते.

अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेवर पाणी सोडले. वरून पाऊस होताच. चिखल म्हणजे काय, हे आम्हा औंढा नागनाथकरांना सांगावे लागत नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात रिकामी बैलगाडीही रुतते. तिथे तर लष्कराचा सारा सरंजाम होता. फौज जितकी मोठी, तितकी रसद जास्त लागते. ती अडली, उपासमार झाली, आदिलशाही शिपाई फुटून अंबरला मिळू लागले. मग अंबरने गाठून हल्ला केला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. अंबरच्या बाजूने लढताना शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले.

खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीने पाणी आणले ते याच अंबरने. पाण्याचा उतार ओळखणारी ती नजर भातवडीलाही कामी आली, असे मी मानतो. तिथली दलदल आयती मिळालेली नव्हती. अंबरने ती घडवली होती.