चार औषधांची एकजूट

कामगार संघटनेचा माणूस कर्करोगावर काय बोलणार, असे कोणास वाटले तर ते रास्तच आहे. परंतु मूत्राशयाच्या कर्करोगाचा आमच्याशी असलेला संबंध जुना आहे. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील मजुरांत हा रोग दाखवून दिला. ब्रिटनने बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन या घातक द्रव्यांवर बंदी घातली ती १९६७ साली. मधल्या बहात्तर वर्षांत किती मजूर गेले, याचा हिशेब कोणत्या हजेरीपटावर मांडला आहे?

रोग मूत्राशयापुरता असतो तोवर शस्त्रक्रियेची आशा असते. तो फुप्फुसांत, हाडांत पसरला की सुरी थांबते आणि औषधांवर भिस्त राहते. अशा रोग्यांसाठी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील डॉक्टरांनी चार औषधे एकत्र देऊन पाहिली व १९८५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या चौघांचे कुळ पाहण्याजोगे आहे. मेथोट्रेक्सेटच्या मागे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे अमेरिकेतील संशोधन होते. व्हिन्ब्लास्टिन निघते सदाफुलीपासून. वर्ध्याच्या अंगणांत उमलते तीच ही. कॅनडात नोबल व बिअर यांनी ते १९५८ साली वेगळे केले. डॉक्सोरुबिसिन इटलीच्या मातीतील जंतूपासून मिळाले. सिसप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे. त्याची पेशींवरील करामत रोझेनबर्ग यांना १९६५च्या सुमारास दिसली.

चार कशाला? एका औषधाला चुकवणारी पेशी दुसऱ्याच्या हाती सापडावी, म्हणून. एकट्या मजुराचे गाऱ्हाणे कोण ऐकतो, हे आम्हांस नवे सांगायला नको. १९९२ साली एकटे सिसप्लॅटिन व चारही औषधे यांची तुलना प्रसिद्ध झाली. मध्यक आयुर्मान एकीकडे ८.२ महिने, दुसरीकडे १२.५ महिने. लाभ खरा, पण तोंड येणे, पांढऱ्या पेशी घटणे, ताप ही त्याची किंमत, आणि काही रोगी तर उपचारानेच दगावत. २००० साली जेमसिटाबिन व सिसप्लॅटिन ही दुक्कल जवळपास तेवढेच आयुष्य देते आणि त्रास कमी करते, असे दिसले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेंब्रोलिझुमॅब यांनी ३१.५ महिने गाठले. जुन्या पद्धतीने १६.१.

आकडा दुप्पट झाला, याचा आनंद आहेच. परंतु या नव्या जोडीची किंमत रोजंदारीवाल्याच्या आवाक्याबाहेरची आहे. शोध कोणाचा, हे इतिहास लिहितो. तो पोहोचला कोणापर्यंत, हेही त्यात लिहिले गेले पाहिजे. ते लिहवून घेणे संघटनांचे काम आहे, असे आम्ही मानतो.

तोवर आपल्या हाती जे आहे ते बिनपैशाचे आहे. या रोगाचे मोठे कारण धूम्रपान, बिडी-सिगारेट सोडावी. रंग-रसायनांत राबणाऱ्याने आपले काम डॉक्टरास सांगावे. आणि लघवीतून रक्त गेले तर, दुखत नाही म्हणून किंवा दुसऱ्या दिवशी थांबले म्हणून, घरी बसू नये. १९६९ साली उभे राहिलेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय वर्धा शहराला लागूनच आहे. आठवड्याची मजुरी बुडेल म्हणून तपासणी लांबवणाऱ्या माणसाला तेथवर नेऊन सोडणे, हेही संघटनेचेच काम होय.