गाडीच्या टपावर उपग्रह इंटरनेट : डिशपेक्षा बॅटरी सांभाळा

खास प्रतिनिधी

शाळेतील पाटीपेक्षा थोडी मोठी, सव्वा किलोच्या आतबाहेर वजनाची पांढरी तबकडी गाडीच्या टपावर बसवायची, तिला वीज द्यायची आणि मोबाइलचा मनोरा नसलेल्या रानातही इंटरनेट मिळवायचे, ही गोष्ट आता अद्भुत राहिलेली नाही. 'स्टारलिंक' कंपनीने २०२४च्या मध्यास 'मिनी' हा छोटा संच अमेरिकेत विक्रीस आणला. तेव्हापासून तेथील आणि ऑस्ट्रेलियातील भटक्यांच्या गाड्यांवर तो सर्रास दिसतो. सप्टेंबर २०२४मध्ये 'हेलीन' चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातील मोबाइल यंत्रणा कोलमडली, त्यावेळी मदत पथकांना अशा संचांचाच आधार झाला. भारतात या कंपनीला जून २०२५मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी महाराष्ट्र शासनाने कंपनीबरोबर इरादापत्र केले. त्यामुळे रुग्णवाहिका, फिरते दवाखाने किंवा आपत्ती निवारणाच्या गाड्या यांच्या संदर्भात हा विषय आपल्याकडेही उपस्थित होतो.

वृत्तवाहिन्यांच्या ओबी व्हॅनवरील मोठी छत्री वाचकांनी पाहिलेली असते. ती सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील एकाच उपग्रहाकडे रोखलेली असते आणि त्यासाठी गाडी एका जागी उभी करावी लागते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून वेगाने सरकत असतात. सपाट तबकडीतील शेकडो सूक्ष्म अँटेना त्यांचा पाठलाग विद्युत संकेतांनी करतात. तबकडी स्वतः हलत नाही, म्हणून धावत्या गाडीतही संपर्क टिकतो. मात्र हा पाठलाग अखंड चालतो आणि त्याला वीजही अखंड लागते. अडचणींची सुरुवात येथूनच होते.

विजेचे गणित

मिनी संच सरासरी २५ ते ४० वॉट वीज घेतो. घरगुती वापराचा मोठा संच ७५ ते १०० वॉट घेतो, त्यामुळे गाडीसाठी छोटाच बरा. ३० वॉट म्हणजे एका छोट्या बल्बाइतकी वीज, असे वाटून अनेक जण निर्धास्त राहतात. पण छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे ४२० वॉट-तासांची असते. इंजिन बंद ठेवून डिश चालू राहिली, तर नव्या बॅटरीचाही निम्मा साठा सात तासांत संपतो. जुनी त्याआधीच मान टाकते. रात्री दहाला मुक्काम केला, तर पहाटे पाचला सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू येण्याची शक्यता मोठी. जेथे मोबाइलची रेंज नाही तेथेच ही डिश वापरली जाते आणि गाडी बंद पडण्यासाठी त्याहून वाईट जागा नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी तर धक्का मारूनही सुरू होत नाही.

यावर उत्तम उपाय म्हणजे स्वतंत्र बॅटरी. १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी ३० वॉटचा भार तीस तासांहून अधिक काळ पेलते. ती गाडी धावताना भरून घ्यायची, तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचविण्यासाठी व्होल्टेज खालीवर करतात, त्यामुळे साध्या रिलेवर दुसरी बॅटरी नीट भरत नाही. एवढा खर्च झेपत नसेल, तर व्होल्टेज १२च्या आसपास उतरताच पुरवठा तोडणारा कटऑफ तरी बसवावा. बारा व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर लावून त्यात घरचाच अडॅप्टर खुपसणे, हा सोपा वाटणारा मार्ग आतबट्ट्याचा आहे. दोनदा रूपांतर होताना बरीच वीज उष्णतेतच जाते.

दुसरी फसगत वायरची. मिनीला १२ ते ४८ व्होल्ट चालतात, पण १२ हा अगदी काठ आहे. कंपनीचा अडॅप्टर ३० व्होल्ट देतो, म्हणून सोबतची लांब वायर त्याला पुरते. तीच वायर थेट बॅटरीला जोडली, की डिश वारंवार बंद-चालू होऊ लागते आणि दोष उपग्रहाला दिला जातो. वस्तुतः अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर वायरीत, पाच अँपिअर प्रवाह असताना, जवळजवळ दोन व्होल्ट गळतात. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही गळती ०.६ व्होल्टवर येते. जाड व आखूड वायर किंवा बॅटरीजवळच व्होल्टेज वाढविणारा कन्व्हर्टर, यांपैकी एक हवेच. यूएसबी-सी केबलने वीज द्यायची असल्यास चार्जर १०० वॉटचा, २० व्होल्ट ५ अँपिअर देणारा असावा. वायर कोणतीही असो, बॅटरीच्या धन टोकाशी फ्यूज हवाच. पत्र्याच्या कडेला घासून वायर सोलली गेली, तर गाडीला आग लागण्यास एवढे कारण पुरते.

टपावर कशी बसवावी

डिशला सुमारे ११० अंशांचे मोकळे आकाश लागते. घाटातील कडे आणि गर्द झाडी यांखाली संपर्क तुटतोच, त्याला उपाय नाही. काचेच्या आतून काम भागविण्याचा मोह अनेकांना होतो; परंतु उष्णता परतविणाऱ्या काचेवरील धातूचा मुलामा संकेत अडवतो. शिवाय मिनी ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनविलेली आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे पोट याहून तापते.

टपावर ती आडवी, सपाट बसवावी. ताशी १०० किलोमीटर वेगाला उभ्या तबकडीवर वाऱ्याचा चार किलोंहून अधिक रेटा येतो, आणि वेग वाढला की तो वर्गाच्या पटीत वाढतो. चुंबकाच्या खोक्यावर लिहिलेली क्षमता जाड पोलादी पाटावर मोजलेली असते. गाडीचा टप एक मिलिमीटरहून पातळ, त्यावर रंगाचा थर. तेथे पकड बरीच कमी भरते. ॲल्युमिनियम किंवा काचेच्या टपाला तर चुंबक चिकटतच नाही. कॅरिअरला नटबोल्टने आवळलेली पकड अधिक भरवशाची. त्यासोबत पोलादी तारेचा एक सुरक्षा-दोर स्वतंत्रपणे बांधावा, कारण महामार्गावर सुटलेली तबकडी मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाते. वायर दारातून आत घेताना ती खाली झोळ देऊन वळवावी, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत न येता बाहेरच गळते.

राहता राहिला कायदा. भारतात उपग्रहाशी थेट संपर्क साधणारी उपकरणे परवानगीविना बाळगता येत नाहीत. विनापरवाना उपग्रह फोन सापडल्याने परदेशी पर्यटकांवर विमानतळांवर कारवाई झालेली आहे. अमेरिकेतील नातेवाइकाने सामानातून आणलेला संच याच कक्षेत येतो. येथे रीतसर संच घेतानाही, घेतलेल्या योजनेत धावत्या वाहनातील वापराचा समावेश आहे काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे.