ऑर्व्हल बिअरचा आस्वाद

ऑर्व्हल : बेल्जियमच्या लक्झेंबर्ग प्रांतातील याच नावाच्या त्रापिस्त मठात बनणारी एल बिअर. मठातील ब्रुअरीची स्थापना १९३१ मध्ये झाली. मद्यार्काचे प्रमाण ६.२ टक्के. हिच्या चवीबद्दल मत देण्यापूर्वी बाटली भरल्याची तारीख पाहणे आवश्यक ठरते. उकळत्या माल्टरसात हॉप घातले की कडवटपणा उतरतो, पण लिनालूलसारखी सुवासिक तेले बरीचशी वाफेबरोबर उडून जातात. म्हणून मुख्य किण्वनानंतर बिअर न तापवता त्यात हॉप पुन्हा भिजवतात. ताज्या बाटलीतला फुलांचा दरवळ मुख्यतः तिथून येतो. बाटलीत भरताना ब्रेटानोमायसिस हे यीस्ट घालतात. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा ते हळूहळू संपवते. त्यामुळे काही महिन्यांत गोडवा घटतो, बुडबुडे वाढतात आणि चामड्याची, गवताची आठवण देणारा गंध पुढे येतो.

सुगंध ओसरला म्हणजे बिअर शिळी झाली, असा आक्षेप घेतला जातो. हॉपप्रधान बहुतेक बिअरबाबत तो रास्तही आहे. परंतु येथे जिवंत यीस्ट बाटलीतला प्राणवायू वापरते आणि स्वतःचे नवे गंध निर्माण करते. त्यामुळे हा बदल निव्वळ ऱ्हास नव्हे. मात्र जुनी बाटली आपोआप श्रेष्ठ ठरते, हा समजही तितकाच चुकीचा. फुलांचा गंध हवा असेल तर ताजी बाटलीच घ्यावी. बिअर १२ ते १४ अंश सेल्सिअसला, रुंद तोंडाच्या चषकात, गाळ न ढवळता ओतावी. फार थंड बिअरचा गंध दबतो आणि परीक्षण अपुरे राहते.