काळ्या पेटीचें औदार्य
करमणुकीच्या यंत्रावर खेळावें सर्वांनीं, पण खेळ रचावे ते परवानाधारक कंपन्यांनीं, असाच रिवाज प्लेस्टेशनच्या जगांत होता. १९९६ सालीं सोनीनें जपानांत ‘नेट यारोझे’ नांवाची काळी पेटी विक्रीस काढून त्यास चीर पाडली. घरच्या संगणकावर सी भाषेंत आज्ञा लिहावयाच्या, कंपायलरनें त्या यंत्रभाषेंत उतरवावयाच्या आणि तारेवाटें पेटीच्या २ मेगाबाइट स्मृतींत धाडावयाच्या, अशी ही घरगुती कार्यशाळा. १९९८ सालीं बाजारांत आलेला ‘डेव्हिल डाइस’ हा खेळ मुळांत तींतूनच उगवला, हें तिचें यश. परंतु हौशी रचनाकाराला आपला खेळ तबकडीवर छापून शेजाऱ्याच्या साध्या यंत्रावर चालवितां येत नसे. हत्यार हातीं आलें, पेठ मात्र मालकाचीच राहिली. पुढें हौशी मंडळींनीं परवानगीवांचूनच आपलीं साधनें घडविलीं, यांत नवल तें काय?