जुन्या मार्गयाद्या आणि नव्या सडका

जुन्या दप्तरांतून निघणाऱ्या कागदांत सनदा, महजर व निवाडे यांस जो मान मिळतो, तो मुक्कामांच्या यादीस मिळत नाहीं. अमक्या गांवाहून तमक्या गांवीं इतके कोस, मध्यें नदी, पुढें घाट, एवढाच मजकूर दिसला कीं संग्राहक तो कागद बाजूस सारतो. परंतु नवी सडक आंखणाराची पहिली गरज हीच कीं, आहेत त्या वाटांची मोजदाद हातीं असावी. अशा यादीचा उपयोग कोणत्या अटींवर होतो, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम छापील साधनें पाहूं. राय चतुरमन याच्या ‘चहार गुलशन’ या १७५९ च्या सुमाराच्या फारसी ग्रंथांत मोगल पातशाहींतील मार्ग दिले आहेत. त्यांचें विवेचन जदुनाथ सरकार यांनीं १९०१ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केलें. जेम्स रेनेल यानें १७७८ मध्यें बंगाल व बिहार येथील मार्गांचें वर्णन छापलें. आपल्या प्रांतापुरता कॅप्टन जॉन क्लून्स याचा १८२६ मध्यें कलकत्त्यास छापलेला संग्रह विशेष महत्त्वाचा होय. त्यांत मुंबई इलाख्यांतील मार्ग व शेजारच्या संस्थानांतील प्रमुख रस्ते आले आहेत.

यादी वापरण्यापूर्वीं तिला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला मापाचा. ‘ऐन-इ-अकबरी’ प्रमाणें कोस पांच हजार गजांचा. परंतु लोकव्यवहारांतील कोस प्रांतोप्रांतीं निराळा होता. म्हणून ज्या दोन स्थळांविषयीं शंका नाहीं, त्यांमधील कोसांची बेरीज नकाशावरील वाटेच्या लांबीशीं ताडून त्या यादीचा कोस आधीं ठरवावा, आणि मगच अज्ञात मुक्काम शोधावे.

दुसरा प्रश्न वाहतुकीचा. कौटिल्यानें ‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणांत मार्गांची रुंदी वापरावरून सांगितली आहे: रथपथ पांच अरत्नि, पशुपथ चार, आणि लहान जनावरांची व माणसांची वाट दोन अरत्नि. सातव्या अधिकरणांत तो चक्रपथास पादपथाहून श्रेष्ठ ठरवितो, कारण चाकांच्या वाटेनें माल मोठ्या प्रमाणांत जातो. मुक्कामांच्या यादींत मात्र हा भेद बहुधा लिहिलेला नसतो. तो वाचणारानें पुरवावा लागतो.

याचें उदाहरण सह्याद्रींतच आहे. जुन्नराहून कल्याणाकडे उतरणारा नाणेघाट सातवाहनकाळापासून वाहता होता. नागनिकेचा लेख तेथें आहे. केवळ प्राचीनतेवर जाणारा मनुष्य हाच कोंकण व देश यांमधील राजमार्ग म्हणेल. पण ती खडकांतील उभी वाट माणसांची व लादलेल्या बैलांची; गाडा तेथून चढणार नाहीं. चाकांचा मार्ग बोरघाटानें गेला. जनरल वेलस्ली यानें १८०४ मध्यें तो तोफा नेण्याजोगा केला. १० नोव्हेंबर १८३० रोजीं सर जॉन माल्कम यानें तेथील बांधीव सडक खुली केली. १८६३ मध्यें आगगाडी त्याच घाटानें चढली. आणि २००२ मध्यें पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गही त्याच परिसरांतून गेला. यादींत दोन्ही घाट एका ओळीचेच, भेद वापराचा.

मोजदादीवरून देशव्यापी योजना करण्याचा मोठा प्रयत्न डिसेंबर १९४३ मध्यें नागपुरास प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेंत झाला. मुख्य सडकांची लांबी मैलांत काढण्यासाठीं तेथें पुढील हिशेब ठरला: शेतीच्या प्रदेशाच्या चौरस मैलांचा पांचवा हिस्सा, इतर प्रदेशाचा विसावा हिस्सा, २,००१ ते ५,००० वस्तीच्या दर गांवास एक मैल, त्याहून मोठ्या दर गांवास पांच मैल, आणि पुढील वीस वर्षांच्या वाढीची तरतूद, या बेरजेंतून रेल्वेची लांबी वजा. हा हिशेब सडका किती हव्यात तें सांगतो. त्या कोठें हव्यात तें सांगत नाहीं. त्यासाठीं असलेल्या वाटेची नोंद वाटेगणिक पाहिजे. २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेंत हीच रीत दिसते. तेथें असलेल्या ग्रामीण सडकांची यादी करून, प्रत्येक पात्र वस्तीस निदान एक बारमाही वाट मिळेल असें जाळें आधीं निवडावयाचें असतें. पात्रतेची मर्यादा सामान्यतः सपाट प्रदेशांत ५०० व डोंगराळ प्रदेशांत २५० लोकवस्तीची होती.

आधुनिक नोंदींत रुंदी, पृष्ठभाग, पूल व वळणें असतात. जुन्या यादींत उतार, पाणी व मुक्काम. पहिलीवरून सडकेची आजची स्थिति कळते, दुसरीवरून लोकांनीं ती वाट कां धरली हें कळतें. आंखणी करणारास दोन्ही हव्या.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, मुक्कामाची यादी रुमालांतून सुटी काढूं नये. कारण ती लष्कराची, जकातीची कीं यात्रेची, हें शेजारच्या कागदांवरूनच ठरतें. नक्कल करतांना कोसांचे आंकडे मूळाप्रमाणेंच ठेवावे, त्यांचे मैल करूं नयेत. आणि न लागलेलें गांव गाळूं नये. एक नांव गळलें कीं पुढचीं सर्व अंतरें चुकतात, आणि मग ती यादी इतिहासाच्याही कामाची राहत नाहीं व सडकेच्याही.